काडी न लावता जळणारा नरकासुर

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

चवथ आटोपली. गणपतीच्या वर फळं टांगायच्या माटोळीचं सामान बांधून वर ठेवताना सहज कॅलेंडर चाळलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. यंदा नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे नेमकी हॅलोवीनच्या दिवशी. अमावास्या भारतीय वेळेनुसार ३१ ला दुपारी ३:५२ ला लागते, म्हणजे आमच्याकडे न्यू जर्सीत सकाळी ६:२२ ला. महाराष्ट्रातल्या कॅलेंडरांत लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला दिलंय, पण इथे अमावास्येची संध्याकाळ ३१ लाच येते. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी लक्ष्मीपूजन आणि त्याच वेळी दारात चॉकलेटं मागायला येणारी पोरं. सगळं एकाच दिवशी.

दरवर्षी आम्ही दोन भोपळे कोरून पायरीवर ठेवतो. समोरच्या अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहतो, कोपऱ्यावरच्या घरी अख्खी स्मशानभूमी होते. आपण मोठं काही का करत नाही, असं थोरल्याने गेल्याच वर्षी विचारलं होतं. आज त्याला उत्तर देता आलं: आपण नरकासुर करायचा.

मी मूळचा गोव्यातल्या डिचोलीचा. आमच्या वाड्यावर दरवर्षी नरकासुर व्हायचा. चिव्याच्या काठ्यांचा सांगाडा, पोटात सुकं गवत, वरून खळीने डकवलेली वर्तमानपत्रं. आदली रात्र जागून काढायची, पहाटे त्याला पेटवायचं आणि धुराच्या वासासकट घरी येऊन उटण्याच्या पाटावर बसायचं. इथे एडिसन गावात लोकांच्या घरांना चिकटून नऊ फुटी पुतळा पेटवणं शक्यच नाही. म्हणून ठरलं ते असं: पुतळा गोव्याचा, जाळ दिव्यांचा. आणि जाळ असा दिसायला हवा की नरकासुर जळताना पाहिलेला माणूस समोर आला तर त्याचं पाऊल आपोआप मागे पडावं.

२८ सप्टेंबर, शनिवार

सांगाडा उभा राहिला. मधला कणा दोन बाय चारच्या लाकडाचा, हातपाय आणि बरगड्या पाऊण इंची पीव्हीसी पाइपच्या. पाइप हीट गनने तापवला की वळतो, पण आतून चपटा होतो. आत वाळू भरून दोन्ही टोकं टेपने बंद केली, मग बाक गोल आला. पहिल्या दोन बरगड्या वाया गेल्यावर हे सुचलं.

बरगड्या मुद्दाम विरळ ठेवल्यात. घरच्या नरकासुराचं आतलं बांबूचं काम बाहेरून दिसत नाही. दिसतं ते फक्त जळताना, जाळाच्या पुढे काळ्या रेघांसारखं. तसंच इथे हवंय. म्हणून दिव्यांच्या पट्ट्या कण्याच्या बाजूला आणि बरगड्या त्यांच्या पुढे, मध्ये साधारण वीतभर अंतर.

६ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस कातडीत गेले. कागद लावला तर उजेड आतच कोंडतो, कापड लावलं तर ते कापडच दिसतं. इथले हॅलोवीनचे जुने कारागीर प्रेतं करताना एक युक्ती वापरतात, तीच घेतली. रंगकाम करताना फरशीवर अंथरतात ते अतिपातळ प्लास्टिक सांगाड्यावर सैल गुंडाळायचं आणि हीट गन फिरवायची. प्लास्टिक आक्रसतं, बरगड्यांना घट्ट चिकटतं, जिथे जास्त तापतं तिथे भोकं पडून त्यांच्या कडा गुंडाळल्या जातात. त्यावर लाकडाला लावतात तो तपकिरी स्टेन फडक्याने पुसून घेतला. सुरकुत्यांत रंग बसतो, उंचवट्यावरून निघून जातो. मागे साधा बल्ब धरून पाहिला. अर्धवट जळालेल्या कागदासारखी अंगभर छटा आली. हे काम गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून आणि श्वासाचा मास्क लावूनच करायचं. वास डोक्यात जातो.

तोंड मात्र जुन्याच पद्धतीने केलं. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मैद्याची खळ, सात थर. प्रत्येक थर वाळू द्यायचा आणि मगच पुढचा. मिशा काथ्याच्या, सुळे थर्माकोलचे. डोळ्यांसाठी पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापले, आत एकेक लाल एलईडी. धाकटीने बुबुळं रंगवली आणि ती जरा तिरळी झाली. मी दुरुस्त करणार होतो, पण दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर नरकासुर कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. तशीच ठेवली.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी शस्त्रपूजन. पाटावर ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि हीट गन. हळदकुंकू, झेंडू, आपट्याच्या पानांऐवजी परसातल्या झाडाची पानं. दुपारनंतर विजेचं काम.

एकूण ३०० एलईडी. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या पट्ट्या, मीटरला ६० दिवे, प्रत्येक दिव्याला आपापला रंग देता येतो. ५० दिव्यांचा एक असे सहा उभे तुकडे कण्याभोवती. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून १८ अँपिअर. आगीच्या रंगात इतका कधीच लागत नाही, पण पॉवर सप्लाय ५ व्होल्ट २० अँपिअरचा घेतला आणि प्रोग्राममध्येही वरची मर्यादा घातली. पट्ट्यांच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्रत्येक डेटा तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा दोन बिघाड दिसले. पट्ट्यांची वरची टोकं पांढऱ्याऐवजी तांबूस दिसत होती. पाच व्होल्टवर एवढ्या अंतरात विजेचा दाब कमी होतो, आणि निळ्या दिव्याला जास्त दाब लागत असल्याने आधी तोच मंदावतो. दोन्ही टोकांना वीज दिली, ते मिटलं. दुसरा बिघाड मात्र रात्री अकरापर्यंत पुरला. मधेच एखादी पट्टी हिरवी झबकायची. तारा बदलल्या, सोल्डर पुन्हा केलं, ग्राउंड तपासलं. शेवटी लक्षात आलं की दिव्यांना हुकूम देणारा ईएसपी३२ हा छोटा संगणकी बोर्ड ३.३ व्होल्टचा इशारा देतो आणि या पट्टीला पाच व्होल्टवर निदान ३.५ तरी हवे असतात. कधी कळतो, कधी नाही. मध्ये ७४एचसीटी२४५ ही चिप टाकली, ती ३.३ चे पाच करून देते. झबकणं बंद.

आमच्या गावाचं नाव ज्यांच्यावरून पडलं त्या थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा घरापासून लांब नाही. १८७९ साली विजेचा दिवा टिकेल असा जळू लागला तो तिथेच. आता तिथे मनोऱ्यावर मोठा काचेचा बल्ब आहे. सोल्डरिंग करताना खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ त्यांचाच विचार डोक्यात होता. जाळाशिवाय उजेड हे त्यांचं काम. मी त्याच उजेडात परत जाळ आणायला निघालोय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परवा राज्याने ड्राउट वॉच, म्हणजे दुष्काळाचा इशारा, जाहीर केला. पाऊस म्हणावा असा महिनाभर पडलेलाच नाही. गवत पिवळं, पानं पायाखाली चुरचुरतात, उघड्यावर विस्तव करण्यावर बंधनं आहेत. त्यामुळे आज दोन निर्णय घेतले.

पायाशी गवताच्या पेंढ्या ठेवणार होतो, त्या रद्द. विजेच्या पेटीजवळ सुकं गवत या हवेत नको.

धुराचं यंत्रही रद्द. ४०० वॉटचं आणून ठेवलं होतं, डोक्यातून धूर काढायची नळीही बसवली होती. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला झाडांच्या आडून नारिंगी उजेड आणि वर चढणारा धूर दिसला तर तो आधी ९११ ला फोन करेल. त्याने तो करायलाच हवा. खऱ्या आगी विझवणाऱ्या माणसांना माझ्या अंगणात धावत यायला लावायचं नाही. थोरला हिरमुसला. त्याला रस्त्यापलीकडे नेऊन तिथून आमचं अंगण दाखवलं, मग त्याला पटलं.

पुतळा रोवायलाही त्रास झाला. एकेक सळई दोन फूट आत जायला हवी होती, जमीन दगडासारखी झालीय. आदल्या रात्री चार ठिकाणी पाणी मुरवलं तेव्हा कुठे घणाने गेली. चारी बाजूंनी दोरही ताणले. समोरचे गृहस्थ निवृत्त इलेक्ट्रिशियन आहेत. ते येऊन दोर ओढून बघून गेले आणि २०१२ सालची आठवण सांगितली. २९ ऑक्टोबरला सँडी वादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा गव्हर्नरांनी इथला हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर ढकलला होता. अंगणांतले पुतळे तीन गल्ल्या पलीकडे सापडले, असं ते म्हणाले. त्यांच्याच सांगण्यावरून बाहेरची जोडणी जीएफसीआय सॉकेटवर घेतली. ओल लागून गळती झाली की ते क्षणात वीज तोडतं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आवाज झाला. आग पेटल्याचा आवाज आगीचा नाहीच. मिठाईच्या डब्यावरचा सेलोफेन धाकटीने माइकजवळ हळूहळू चुरगळला, मध्येच सुकी काडी मोडली. छोट्या एमपी३ प्लेअरच्या चिपवर चढवून पोटात स्पीकर ठेवला. अंधारात ऐकलं तर अंगावर येतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज पहिली पूर्ण रात्रीची चाचणी. लिहिण्यासारखं बरंच आहे.

आगीसाठी मार्क क्रीग्समन यांचा फायर२०१२ हा प्रोग्राम घेतलाय. तो समजून घेतला तेव्हा फार आवडला. त्यात चित्र कुठेच नाही. प्रत्येक दिव्याला एक उष्णता दिलेली असते. दर क्षणी प्रत्येक दिवा थोडा निवतो, खालची उष्णता वरच्याकडे सरकते आणि तळाशी मधूनच एखादी ठिणगी पडते. किती निवायचं आणि किती वेळा ठिणगी पडायची, एवढे दोनच आकडे हातात. उष्णतेवरून रंग ठरतो: काळा, लाल, पिवळा, पांढरा. चूल जळते ती याच हिशेबाने.

पण नरकासुर चुलीसारखा जळत नाही, हे आज कळलं. चुलीची आग तळाशी असते आणि एकसारखी असते. पुतळ्याची आग एका जागी लागते, सहसा पोटात, आणि तिथून वर धावते. म्हणून आधी बेंबीजवळ एकच दिवा, मग तीन, मग मधल्या दोन पट्ट्या, शेवटी सहाच्या सहा, असं चढतं केलं. सहा पट्ट्यांना वेगवेगळ्या ठिणग्या दिल्या. आता बरगड्यांच्या काळ्या सावल्या प्लास्टिकवर हलतात, आणि सांगाडाच थरथरतोय असं दिसतं. इथवर मी खूश होतो.

शेवट मात्र चुकतोय. आग ओसरल्यावर निखारे राहिले पाहिजेत. त्यासाठी दिवे मंद लाल करून वाटेल तसे लुकलुकते ठेवले. धाकटी जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पपा, हे ख्रिसमसच्या माळेसारखं दिसतंय." खरं आहे. काय चुकतंय ते तासभर सापडलं नाही.

चालू करणाऱ्या सेन्सरचाही घोळ. माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा पीआयआर सेन्सर फाटकाशी लावला होता. दुपारी उन्हात हलणाऱ्या फांदीलाच तो माणूस समजला, आणि संध्याकाळी अंगभर झूल घातलेली धाकटी पुढ्यातून गेली तरी गप्प. ३१ ला शंभर पोरं अशाच झुलीत येणार.

रात्री आईचा फोन आला. तिच्याकडे सकाळ झाली होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग पोरांना कारीट फोडायला लाव की! कारीट फुटल्याशिवाय नरकासुर मरतो का कधी?"

इतक्या दिवसांत मला हे सुचलं नव्हतं. कारीट म्हणजे नरकासुर मानून फोडायचं छोटं हिरवं फळ, आणि ते फोडायचं तेही पायाने. पोरांनी पायाने कारीट दाबायचं आणि नरकासुर पेटायचा. सेन्सर काढून टाकला.

२७ ऑक्टोबर, रविवार

कारीट झालं. दोन प्लायवूडचे तुकडे, मध्ये चार स्प्रिंगा आणि दाबाचा स्विच. वर जाड स्पंजचं कारीट, खऱ्याच्या दसपट मोठं, हिरवं, त्यावर फिक्या पट्ट्या. उड्या मारणारी पोरं धरून स्प्रिंगा चांगल्या कडक घेतल्या. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत पोहे आणि उटणं आणायला गेलो तेव्हा खरं कारीट कुठे मिळतं का तेही विचारलं. नाही मिळालं.

३० ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी साडेसातला भाच्याचा व्हिडिओ कॉल. डिचोलीत पहाटेचे पाच. वाड्यावरचा नरकासुर पेटवायची वेळ. मी इथे अंगणात माझ्या पुतळ्यासमोर खुर्ची टाकून बसलो, थोरला आणि धाकटी दोन्ही बाजूंना.

बाहेरचा कागद पेटतो तेव्हा आधी ज्वाळा दिसतच नाही. कागदाच्या मध्ये तपकिरी डाग पडतो, डागाचं भोक होतं, भोकाच्या कडेने लाल रेघ बाहेर सरकत जाते. मग आतलं गवत धरतं आणि भडका होतो. ते सगळं माझ्या डोळ्यांत आधीपासून होतं. मी वाट पाहत होतो शेवटाची. लोक पांगू लागले, भाचा कॉल बंद करणार होता. त्याला म्हटलं थांब, जरा जवळ जा.

सांगाड्याच्या काठ्या काळ्या उभ्या होत्या आणि त्यांवर लाल ठिपके. ते आपापले लुकलुकत नव्हते. वारा आला की डावीकडचे आधी उजळत, मग मधले, मग उजवीकडचे, आणि त्याच क्रमाने मावळत. पिठावरून हात फिरवावा तशी झुळूक त्यांच्यावरून फिरत होती. मधल्या वेळात जवळजवळ काळोखच.

मुलं झोपल्यावर लॅपटॉप अंगणात आणला. प्रत्येक निखाऱ्याची वेगळी लुकलुक काढली. त्याऐवजी सहा पट्ट्यांवरून आडवी सरकणारी एकच संथ लाट घातली. अशा दिव्यांसाठीच्या फास्टएलईडी या तयार प्रोग्रामांच्या लायब्ररीत असा ओबडधोबड सरकता आकार देणारं फंक्शन आहेच. लाट पोचली की तिथला निखारा गडद लालवरून नारिंगीकडे जातो आणि परत येतो. दहा दिव्यांतले नऊ पूर्ण बंद ठेवले. साडेअकराला चालू करून पाहिलं. बायको दारात येऊन उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती खाली पायरीवर बसली आणि पूर्ण विझेपर्यंत बघत राहिली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे पाचला उठलो, अमावास्या लागायच्या, म्हणजे ६:२२ च्या, आत चौघांचं अभ्यंगस्नान. मग फोडणीचे पोहे, दुधातले पोहे आणि गुळाचे पोहे. मुलं शाळेला गेली, धाकटी उटण्याच्या वासासकट चेटकिणीच्या पोशाखात.

दुपारी हवा ८० अंश फॅरनहाइटच्या घरात, ऑक्टोबरअखेर असून. पॉवर सप्लायच्या पेटीचं झाकण बोटभर उघडं ठेवलं. पायरीवर रांगोळी काढली. हवा इतकी कोरडी, म्हणून बाहेरच्या पणत्या सेलवरच्या. खरी ज्योत फक्त आत, लक्ष्मीपुढच्या निरांजनाची.

सहाच्या आधीच सूर्य गेला. अमावास्या असल्यामुळे काळोख दाट होता आणि तो आमच्या फार उपयोगी पडला. साडेसहाला पूजेला बसायचं होतं, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी खुर्ची आणून कारिटाचा ताबा घेतला. आतून आरती म्हणताना बाहेरचा सेलोफेनचा कडकडाट आणि पोरांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या.

पूजा आटपून बाहेर आलो तर रांग फाटकाबाहेर गेलेली. एक चारेक वर्षांचा डायनोसॉर आईचा हात सोडायला तयार नव्हता. हा फार वाईट राजा होता, हिरवं फळ फोडलं की तो संपतो, असं धाकटीने त्याला गुडघ्यावर बसून समजावलं. त्याने दोन्ही पायांनी उडी मारली. पोटात ठिणगी पडली, जाळ चढला, बरगड्या उठून दिसल्या, भडका झाला आणि ओसरला. मोठी पोरं इथे पुढे सरकत होती, कारण आता संपलं असं त्यांना वाटायचं. हा पोरगा मात्र निखाऱ्यांसमोर उभा राहिला. लाट फिरली तशी त्याने फुंकर घातली. पुन्हा लाट आली, त्याने पुन्हा फुंकली. पार काळोख होईपर्यंत तो फुंकत होता.

आठच्या सुमाराला एक आजी आल्या, बहुतेक लेकीकडे राहायला आलेल्या. नऊवारी, पायात स्पोर्ट शूज. पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, "अगो बाई, नरकासूर!" सावंतवाडीच्या निघाल्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि अंगठ्याने कारीट दाबत "गोविंदा" म्हणाल्या. काहीच झालं नाही. स्प्रिंगा अंगठ्याच्या मानाने फारच कडक. मी वाकून तळहाताने दाबलं तेव्हा पेटला. भडका झाला तशा आजी दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांनी लेकीचा दंड धरला. निखारे विझेपर्यंत त्यांचा डावा पाय अनवाणीच होता.

बोर्डमधल्या मोजणीप्रमाणे नरकासुर एकूण १६३ वेळा जळला. एकही दिवा गेला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

उतरवला. तोंड वेगळं बांधून माळ्यावर ठेवलं, माटोळीच्या शेजारी. पट्ट्यांवर एक ते सहा आकडे चिकटवले. प्लास्टिकची कातडी काढून टाकली, पुढच्या वर्षी नवी चढवायची.

कारीट मात्र टेबलावर घेतलं. चार स्प्रिंगांपैकी दोन काढल्या, उरलेल्या दोन मऊ टाकल्या आणि स्विच एक सूत वर उचलला. पोरांच्या उड्यांचा भार बाजूला बसवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर जाईल. डाव्या पायाच्या अंगठ्याने पाच वेळा दाबून पाहिलं. पाचही वेळा लागलं.